शेवटी आलेल्याचा पहारा

मी दरवाजा बोलतोय. नगरपालिकेच्या जुन्या दफनभूमीचा लोखंडी दरवाजा. घराचा दरवाजा बोलायला लागला असता तर त्याने लग्नं सांगितली असती, पाहुणे सांगितले असते, भांडणं सांगितली असती. माझ्यातून आत जाणाऱ्या माणसांचं काम एकच असतं आणि त्यांच्यातला एक जण परत येत नाही. तरी ऐका. एवढी वर्षं मी गप्प उभा होतो, पण हल्ली जे झालं त्यानंतर मला गप्प राहवत नाही.

मला दोन कवाडं आहेत. लहान कवाड रोजचं. त्यातून झाडूवाला येतो, फुलं ठेवायला बायका येतात, दुपारी सावलीला टेकायला टपालवालासुद्धा येतो. मोठं कवाड मात्र मेलेल्या माणसासाठीच उघडायचं. गाडी आत जाईल एवढं ते रुंद आहे. जिवंत माणूस कितीही मोठा असो, नगराध्यक्ष असो, त्याने लहान कवाडातून वाकूनच यायचं. अशी इथली रीत.

माझा जन्म नगरपालिकेच्या कारखान्यात झाला. तिथला लोहार एरवी दिव्याचे खांब आणि गटारांची झाकणं करायचा. त्या वर्षी गावात साथ आली होती. तोवर गावात मेलेल्यांच्या जागासुद्धा वेगवेगळ्या होत्या. पैसेवाल्यांची वेगळी, कारागिरांची वेगळी, आणि ज्याचं कोणी नाही तो कुठेतरी बांधाला. साथीने निवडानिवड करायला वेळच दिला नाही. नगरपालिकेने गावाबाहेरचं एक शेत घेतलं आणि सांगितलं, आता सगळे इथेच. जो जसा येईल तसा, ओळीने. गावाने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं असं तोवर कधी झालं नव्हतं. झालं तेही माणसं आडवी झाल्यावर.

लोहाराने मला घाईघाईत घडवलं. तरी कामात खोट नाही. पट्ट्या भट्टीत लाल करून, भोकं पाडून, तापलेले रिव्हेट घालून घणाने ठोकलेल्या. माझ्या अंगात वेल्डिंगचा एक टाका नाही. तेव्हा वेल्डिंग नव्हतंच. सगळं अंग असं घट्ट धरून बसलेलं, की एक पट्टी ओढली तर सगळ्या हलतात.

गंमत म्हणजे मी आधी उभा राहिलो आणि भिंत नंतर आली. बरेच दिवस मोकळ्या शेतात मी एकटाच, दोन दगडी खांबांच्या मध्ये. डावीकडून जा, उजवीकडून जा, कोण अडवणार? पण एकही माणूस बाजूने गेला नाही. खांद्यावर ओझं घेऊन यायचे, माझ्यासमोर थांबायचे, कोणीतरी मोठं कवाड उघडायचं, मग आत. परत जाताना कवाड लावून, कडी घालून जायचे. मागे-पुढे सगळं शेत उघडं. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. माणसाला आपलं माणूस कुठेतरी आत ठेवल्यासारखं वाटावं लागतं, एवढं मला कळलंय.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं, म्हणून नीट सांगतो.

एक बाई नवऱ्याला ठेवून परत निघाली आणि माझ्या खांबाशी येऊन खाली बसली. उठेचना. बरोबरचे लोक निघून गेले. खोदणाऱ्यांचा मुकादम घामाने निथळत उभा होता, मागे अजून कामं वाट बघत होती.

"ताई, उठा आता."

"ते कधी एकटे झोपले नाहीत हो. मी कशी जाऊ?"

मुकादम माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकटे कुठे? आज ते फाटकाशी पहाऱ्याला आहेत. इथे असंच असतं. शेवटी आलेल्याने पहारा द्यायचा. पुढचा आला की पहारा त्याच्याकडे, आणि मग आधीचा आत जाऊन सगळ्यांच्यात निवांत झोपतो."

"खरंच?"

"मग काय! इथलं काम मी करतो का तुम्ही?"

ती बाई उठली. डोळे पुसून म्हणाली, "पहारा ते नीट देतील. गोदामात रखवालदारच होते ते." आणि गेली. मुकादम स्वतःच चकित झाल्यासारखा उभा राहिला. ते त्याने तिथल्या तिथे रचलेलं होतं. मी साक्षीदार आहे.

पण बोललेलं परत घेता येत नाही. दुसऱ्या घरच्यांनाही त्याने तेच सांगितलं. मग त्याच्या हाताखालचे सांगायला लागले. मग ती रीतच पडली. जवळच्या माणसाने मोठं कवाड स्वतःच्या हाताने लावायचं, कडी घालायची, आणि खोदणाऱ्याने म्हणायचं, "पहारा बदलला." बस, एवढंच. आजपर्यंत तेच चालत आलंय.

इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं पुढे येईलच. त्या म्हणतात, दगडावरची अक्षरं वाचली की गावाचा इतिहास कळतो. असेल. मला अक्षरं येत नाहीत. मी पहाऱ्यावरून सांगतो. साथीच्या दिवसांत एकेकाचा पहारा घडीभरही टिकत नव्हता. बसला नाही तोवर उठ. नदीला पूर आला तेव्हा पहाऱ्याला अशी माणसं आली की ज्यांना गावात कोणी ओळखत नव्हतं. वरच्या अंगाच्या कुठल्या तरी वस्तीतून वाहून आलेली. त्यांच्यासाठी मोठं कवाड लावायला जवळचं कोणी नव्हतं, तर बाजारातल्या हमालांनी एकेकाने पुढे होऊन लावलं. सूतगिरणीला आग लागली त्या आठवड्यात सगळ्या मुलीच. तरण्या, हसऱ्या, एका खोलीत काम करणाऱ्या. मग नळाचं पाणी आलं, दवाखाना झाला, आणि पहारे लांबायला लागले. महिना महिना एकच माणूस. खोदणारे आळोखेपिळोखे देत बसायचे. गाव सुखात आहे का, हे मला असं कळायचं.

एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याला आणलं. त्याच्या आदल्या दिवशी गटार साफ करणारी एक म्हातारी आली होती. व्यापाऱ्याच्या थोरल्या मुलाला कळलं की वडिलांना आता म्हातारीकडून पहारा घ्यावा लागणार. तो नाक मुरडून म्हणाला, "आमच्या बाबांनी घरात पेला कधी उचलला नाही. पहारा त्या म्हातारीकडेच राहू दे ना अजून थोडे दिवस."

तेव्हाचा खोदणारा म्हणाला, "साहेब, म्हातारीने जन्मभर तुमच्या घरामागची गटारं काढली. आता झोपू दे की तिला. आणि इथे वशिला चालत नाही. चालला असता तर मी इथे फावडं घेऊन उभा असतो का?"

लोक तोंडाला रुमाल लावून हसले. मुलाने कवाड लावलं. आज त्या दोघांच्या जागा शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हीवर एकाच झाडाची पानं पडतात.

पुढे गाव वाढलं. पलीकडच्या माळावर नवी दफनभूमी झाली. डांबरी रस्ता, नळ, बसायला बाकं, सगळं. माझ्याकडे फक्त ज्यांच्या घरची माणसं आधीच इथे आहेत तेच यायला लागले. मोठं कवाड उघडायचं तर दोघांनी खांदा लावावा लागे. वरची बिजागरी झिजली, कवाड खाली टेकलं, जमिनीत त्याने अर्धगोल रेघ पाडली. नगरपालिकेचा रंगारी यायचा आणि गंज न खरवडता वरून काळा रंग फासून जायचा. म्हाताऱ्या माणसाचे केस काळे करावेत तसं. आतून मी झिजतच होतो. खोदणाऱ्यांत एकच उरला. सगळे त्याला मामा म्हणतात. कंबर वाकलेली, बोलणं तिरकस, पण जुनी रीत त्याने सोडली नाही.

आता त्या दोघा भावांचं.

आईबाप लवकर गेले, दोघंही इथेच आहेत, कण्हेरीच्या कडेला. मोठ्याने धाकट्याला वाढवलं. मोठा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. धाकटा शाळेत रमला नाही. मास्तरांनी हात टेकले, तेव्हा मोठ्याने त्याला वेल्डिंगच्या दुकानात लावलं. डोकं गरम पण हात चांगला. मोठ्याचं लग्न झालं, घरात वहिनी आली. तिने येताच दोघांची उष्टी ताटं उचलायचं साफ नाकारलं, आणि दोघेही आपापलं ताट विसळायला लागले. दर वर्षी तिघं यायचे. मोठा लहान कवाडातून आत येताना माझ्या बिजागरीला बोट लावून म्हणायचा, "ए वेल्डर, जरा बघ की हिच्याकडे." धाकटा म्हणायचा, "आधी घरातलं बघतो. वहिनी महिनाभर मोरीचा दरवाजा दाखवतेय." वहिनी म्हणायची, "बघतो नुसतं! दरवाज्याकडे बघून तो नीट होत असता तर मीच केला असता."

पंपघरातलं काम असं की बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. पंप बेवारस ठेवला तर गावाचं पाणी जातं. बदलीवाला उशिरा यायचा. मोठा कधी बोलला नाही. "येईल रे, बायकामुलांचा माणूस आहे," म्हणायचा आणि थांबायचा. त्या सकाळीही थांबला. छातीत कळ आली तेव्हा त्याची ड्युटी संपलेली होती. वेळेवर सुटला असता तर घरी असता, माणसांत असता, कोणीतरी उचलून दवाखान्यात नेला असता. बदलीवाला आला तेव्हा पंप व्यवस्थित चालू होता आणि मोठा खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता.

त्याच्यासाठी माझं मोठं कवाड उघडलं. लावायला धाकटा पुढे झाला. त्याने ते असं आपटलं की माझे सगळे रिव्हेट थरथरले. मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पहारा बदलला."

धाकट्याने विचारलं, "म्हणजे काय?"

मामाने सांगितलं. नेहमीसारखं, चार शब्दांत, मायेने.

"म्हणजे दादा ड्युटीवर आहे?"

"पुढचा येईपर्यंत."

"मग चालेल," धाकटा म्हणाला. "ड्युटी त्याला येते."

त्या दिवशी त्या गोष्टीने त्याला उभं राहायला बळ दिलं. ती गोष्ट असते त्यासाठीच. पण थोड्याच दिवसांत नगरपालिकेची माणसं आली, त्यांनी माझ्या खांबाला एक पाटी ठोकली. धाकटा ओठ हलवत, बोट फिरवत ती वाचत राहिला. मग त्याने मामाला हाक मारली.

"मामा, हे 'ऐतिहासिक' म्हणजे काय?"

"म्हणजे आता इथे कोणाला ठेवायचं नाही. जसं आहे तसं जपायचं. लोक बघायला येणार."

"दादानंतर कोणी नाही?"

"नाही. तुझा दादा शेवटचा."

धाकट्याने हळू विचारलं, "मग त्याची बदली?"

एवढ्या वर्षांत मामाने ती गोष्ट कितीतरी घरांना सांगितली होती. ती कुठे संपते याचा विचार त्याने केला नव्हता. त्याने काय, कोणीच केला नव्हता. पुढचा माणूस येणारच, यात कोणाला शंका होती?

"अरे, ते आपलं बोलायचं असतं..." मामा म्हणाला.

"बोलायचं असतं? दादाला ठेवताना म्हणालात तेव्हा खरं होतं आणि आता बोलायचं असतं?"

पाटी लावण्यामागे त्या इतिहासाच्या बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला जड पिशवी. गावातल्या जुन्या जागा जपणाऱ्या समितीच्या अध्यक्ष. धाकटा त्यांना माझ्या पुढ्यात आडवा गेला.

"बाई, अजून एक माणूस येऊ द्या. एकच. मग लावा तुमची पाटी."

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या छत्री टेकून उभ्या राहिल्या. "कोण माणूस?"

"कोणीही. गावात कोणी ना कोणी मरतंच की!"

"आणि मग त्याचा भाऊ येईल माझ्याकडे. त्याला काय सांगू?"

उत्तर सुचलं नाही की धाकटा डोक्यात राख घालून घेतो. "तुम्हाला मेलेली जुनी माणसं कळतात, बाई. ताजी नाही कळत," असं म्हणून तो निघून गेला. बाई पाटीकडे बघत राहिल्या. छान मोठ्या अक्षरांची पाटी होती.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी तो परत आला. मामा जेवून लवंडला होता. धाकट्याने हातगाडीवर गॅसचे सिलिंडर आणले होते, नळ्या, कटर, काळा चष्मा. सरळ माझ्याशी आला. माझ्याशीच बोलला. "फाटक असेल तर पहारा. फाटकच नसलं तर कसला पहारा?" आणि कटर पेटवला.

मला जन्मल्यापासून आग माहीत आहे. पण घडवणारी आग वेगळी आणि ही वेगळी. ही निळी, सुईसारखी. वरच्या बिजागरीत घुसली आणि लाल थेंब खाली पडायला लागले. मला राग नाही आला. खरंच नाही आला. तो रडत नव्हता, पण ज्योत सरळ राहत नव्हती.

घाईत तो एक गोष्ट विसरला. त्याच्या दुकानातला नवशिक्यासुद्धा आधी टेकू लावतो. बिजागरी तुटली, मोठं कवाड वरून सुटलं आणि सगळं वजन त्याच्या अंगावर कललं. कटर त्याच्या हातातून पडला. त्याने खांदा लावला, पाय रोवले. सोडलं असतं तर तो चेंगरला असता. धरून ठेवलं तर हलता येईना.

"मामा!" तो ओरडला.

मामा धडपडत आला, त्याने आधी सिलिंडर बंद केला. रस्त्यावरून बाई येत होत्या. छत्री, पिशवी तिथेच टाकून त्या धावल्या आणि धाकट्याच्या शेजारी दोन्ही हात कवाडाला लावून उभ्या राहिल्या. मामा दोर आणायला आत पळाला. पळाला म्हणजे त्याच्या कंबरेला जमेल तसा.

"बाई, तुम्ही सरका. लागेल."

"गप्प बस. पाय आत घे आधी."

"तुमचा दरवाजा मोडला मी."

"दिसतंय मला."

"पोलिसांना सांगा."

"हात मोकळे झाले की सांगते."

माझं ओझं दोघांवर. मला माझीच लाज वाटत होती, पण लोखंडाला हलकं होता येत नाही. धापा टाकत बाई म्हणाल्या, "ही जागा ऐतिहासिक नाही ठरवली, तर इथे गाड्या लावायचा तळ होणार होता. नगरपालिकेचा नकाशा तयार होता. तुझ्या दादाच्या डोक्यावर टेम्पो उभे राहिले असते. नवी माणसं ठेवणं बंद करा, मग तळाचा बेत सोडू, असं म्हणाले ते. मी हो म्हटलं. चुकलं असेल माझं. पण इथली सगळी तर वाचली."

धाकटा म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुठे? तू तर मला ताजा माणूस मागत होतास."

त्याला हसू आलं. वाईट वेळेला येतं तसं, नाकातून. आणि हसता हसता तो रडायला लागला. दादा गेल्यावर पहिल्यांदा. खांद्यावर मी, डोळे पुसायला हात मोकळा नाही. बाईंनी आपली एक बाही पुढे केली. मामा दोर घेऊन आला. इथे माणसांना खाली सोडायचा तोच दोर. त्याने मला खांबाला बांधलं.

पोलीस आले नाहीत. बाईंनी एवढंच सांगितलं, "दुरुस्त तूच करायचं. आणि वेल्डिंग नाही. बिजागरी होती तशी."

"बाई, आता असं काम कोणी करत नाही."

"म्हणून तर जपायची."

दुकानातले त्याचे उस्ताद आधी तोंडाला येईल ते बोलले, मग त्यांनीच कोपऱ्यातली जुनी भट्टी साफ करून दिली. धाकट्याने पट्टी लाल केली, वळवली, बिघडवली, पुन्हा वळवली. तापलेले रिव्हेट ठोकले. बिजागरी बसली. नव्या बिजागरीवर घणाचे घाव जरा वेडेवाकडे आहेत. जुन्या लोहाराला हसू आलं असतं, पण त्याने ती नापास केली नसती.

मला वाटलं, संपलं. तसं नव्हतं.

काम झाल्यावर धाकट्याने मामाला विचारलं, "पहाऱ्याला जिवंत माणूस चालतो का?"

मामा आता शब्दाला घाबरत होता. म्हणाला, "असं आजवर कोणी विचारलं नाही."

धाकट्याने त्याचा अर्थ हो असा घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या खांबाशी येऊन बसायला लागला. आधी दुकान सुटल्यावर. मग जेवणाच्या सुट्टीत. मग दुकानात जाईचना. कोणी आलं की उठून लहान कवाड उघडायचा, गेलं की लावायचा. उस्ताद एकदा येऊन ओरडून गेले, "भट्टी लावून दिली ती काय शोभेला? भाऊ मेला तुझा, तू नाही मेलास!" तो मान खाली घालून बसला. उठला नाही. बाईंनी नगरपालिकेत सांगून रखवालदाराची नोकरी देऊ केली. म्हणाला, "नोकरी नको. नोकरीत बदलीवर अवलंबून राहावं लागतं."

दाढी वाढली. गालफडं बसली. मी बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं. ती गोष्ट एका थकलेल्या मुकादमाने एका बाईला घरी पाठवण्यासाठी रचली होती. घरी पाठवण्यासाठी! आणि तीच आता एका तरण्या मुलाला माझ्या खांबाशी बांधून ठेवत होती. ज्या बाईसाठी ती पहिल्यांदा सांगितली, ती उठून गेली होती. हा उठत नव्हता.

एका संध्याकाळी वहिनी आली. दादाला ठेवल्यानंतर ती आली नव्हती. आत नाही आली, कवाडाबाहेरच थांबली.

"भावोजी, ताट वाढून आलेय."

"तुम्ही जेवा वहिनी. मी इथे आहे म्हणून दादा..."

"दादा काय?"

"सुटलाय. निवांत आहे. मी उठलो की पुन्हा त्याच्यावर येणार."

वहिनीचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"लग्न झाल्यापासून मी काय केलं, ठाऊक आहे? वाट बघितली. बदलीवाला आला नाही, उशीर होईल. बदलीवाल्याचं मूल आजारी, उशीर होईल. भात गार, आमटी गार, मी खिडकीत. त्या दिवशीही खिडकीतच होते. आता म्हटलं, निदान वाट बघणं तरी संपलं. तर तुम्ही इथे येऊन बसलात. आता तुमची वाट बघू? एका घरातल्या किती जणांची वाट बघायची हो मी?"

धाकटा उठून उभा राहिला. "तसं नाही वहिनी. पण इथे कोणीतरी हवं ना. कोणीतरी राहायलाच हवं."

"कोणीतरी कशाला? हा आहे की!"

आणि तिने माझ्या मोठ्या कवाडावर सणसणीत थाप मारली.

"एवढं थोरलं लोखंडाचं धूड. याला भूक नाही, झोप नाही, घरी याची कोणी वाट बघत नाही. साथीपासून उभा आहे म्हणतात ना तुमच्या बाई? मग पहारा आणखी कोणाचा? मेलेली बिचारी कुठली पहारा देतात! एवढी वर्षं यानेच दिला असणार आणि नाव दुसऱ्यांचं."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मुकादमाने त्या दिवशी बघितलं होतं, तसंच. मग जवळ येऊन त्याने नव्या बिजागरीवर हात ठेवला. स्वतःच घडवलेली, घावांचे ठसे असलेली. कवाड दोन्ही हातांनी जोर लावून ढकललं. मी हललो नाही. त्या घटकेला मला एवढंच करता येत होतं आणि ते मी जीव लावून केलं.

तो कण्हेरीपर्यंत, दादाच्या जागेपर्यंत, आत गेला. संध्याकाळी इथे आवाज नसतो, म्हणून मला ऐकू आलं.

"दादा, आला एकदाचा बदलीवाला. तू झोप."

मग दोघं लहान कवाडातून बाहेर पडले. वहिनीने कडी घातली. जाता जाता ती म्हणत होती, "आमटी पुन्हा तापवणार नाही मी, सांगून ठेवते," आणि तो म्हणत होता, "नका तापवू. आणि उद्या दुकानातून आलो की मोरीचा दरवाजा करतो." "करतो, करतो!" वळणापर्यंत त्यांचं चाललं होतं. मग दिसेनासे झाले.

आता मोठं कवाड कधी उघडणार नाही. लहान कवाडातून शाळेची मुलं येतात, बाई त्यांना ओळी दाखवतात. इथे गाव पहिल्यांदा एका रांगेत आलं, असं सांगतात. मुलं माझ्या रिव्हेटवरून बोटं फिरवतात. मामा सावलीत बसून असतो. ती गोष्ट आता कोणी विचारली तर तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि गप्प बसतो.

तुम्हीही या. कोणाला बघायला या, किंवा नुसते सावलीला बसा. वाकून आत या, हवं तर रडा, इथे कोणी नावं ठेवत नाही. फक्त अंधार पडायच्या आत निघा. कडी घाला आणि माझ्याकडे वळून बघत थांबू नका. तुमच्याही घरी कोणीतरी ताट वाढून बसलं असेल.

इथलं मी बघतो.